दंडातली ब्रेकियल आर्टरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीपी मोजायचा पट्टा दंडालाच का बांधतात? डायलिसिसच्या पेशंटच्या त्या एका हातातून रक्त का काढू देत नाहीत? झाडावरून पडलेल्या मुलाचं कोपर मोडलं असताना डॉक्टर आधी त्याचं मनगट आणि बोटं का तपासतात? हे प्रश्न वर्गात विद्यार्थी विचारतात आणि वॉर्डाबाहेर नातेवाईक. तिन्हींचं उत्तर एका रक्तवाहिनीच्या जागेत आहे. जागा नीट समजावायला वेळ लागतो, म्हणून हे पान लांबलं आहे.

रोहिणी, धमनी, शीर, नस : नेमकं काय म्हणायचं?

शाळेच्या पुस्तकात हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी, म्हणजे इंग्रजीतली आर्टरी, आणि हृदयाकडे परत आणते ती नीला. धमनी हे रोहिणीचंच दुसरं नाव. घरी मात्र आपण सगळ्यालाच 'नस' म्हणतो. 'नस दबली' म्हणताना मज्जातंतू मनात असतो, 'नस कापली' म्हणताना रोहिणी किंवा नीला, आणि सलाइन लावताना 'नस सापडत नाही' ती नीला. बोलण्यात हे चालतं. दंडात मात्र तिन्ही एकमेकांना खेटून जातात आणि इजा कशाला झाली यावर पुढचे उपचार ठरतात. म्हणून इथे रोहिणी, नीला आणि मज्जातंतू हे शब्द वेगळे ठेवले आहेत.

ब्रेकियल आर्टरी सुरू कुठे होते, संपते कुठे?

भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते, पाणी तेच. हाताच्या रोहिणीचंही तसंच आहे. छातीतून निघून पहिल्या बरगडीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ती सबक्लेव्हियन, तिथून काखेत अ‍ॅक्झिलरी, आणि टेरिस मेजर या स्नायूची खालची कडा ओलांडली की ब्रेकियल. काखेची मागची जाड कड चिमटीत धरता येते, त्यातच हा स्नायू असतो.

तिथून ती दंडाच्या आतल्या बाजूने खाली येते, हळूहळू पुढे वळते आणि कोपराच्या घडीखाली सुमारे १ सेंटिमीटरवर तिचे दोन फाटे होतात. अंगठ्याच्या बाजूचा रेडियल, करंगळीच्या बाजूचा अल्नर. मनगटावर आपण नाडी बघतो ती रेडियलची. मोठ्या माणसात ब्रेकियलची जाडी साधारण ४ मिलिमीटर असते. एवढ्या नळीवर कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतचा हात जगतो.

उगमाकडे डाव्या-उजव्यात थोडा फरक आहे. डावी सबक्लेव्हियन महारोहिणीच्या कमानीतून थेट फुटते. उजवीकडे आधी एक आखूड, जाड खोड निघतं आणि त्यातून मानेची व हाताची रोहिणी वेगळी होते. दंडात आल्यावर दोन्ही बाजू सारख्याच.

स्वतःच्या हातावर ती कशी शोधायची?

हात टेबलावर पालथा न ठेवता उताणा ठेवा, कोपर जवळजवळ सरळ. आता थोडी बेटकुळी काढा. कोपराच्या खळग्यात मधोमध एक ताठ दोरी लागेल, ती बेटकुळीच्या स्नायूची, म्हणजे बायसेप्सची, कंडरा. तिच्या लगेच आतल्या बाजूला, शरीराकडच्या बाजूला, दोन बोटं ठेवा, हात सैल सोडा आणि जरा खोल दाबा. ठोका तिथे आहे. स्टेथोस्कोपचा चकतीचा भाग ठेवायची जागा हीच.

वर दंडातही ती सापडते. बेटकुळीच्या आतल्या कडेला एक लांबट खाच असते, काखेपासून कोपरापर्यंत. त्या खाचेत बोटं ठेवून बाहेरच्या दिशेने, हाडाकडे दाबा. दंडावर वाकी घालतात, ताईत बांधतात, त्या पट्टीच्या आतल्या बाजूला ती अगदी वरवर असते. तिच्यावर फक्त त्वचा, चरबी आणि एक पातळ आवरण. एकही स्नायू तिला पूर्ण झाकत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी हेच आधी करायला लावते. स्वतःच्या दंडावर ठोका सापडल्यानंतर पुस्तकातली आकृती सपाट राहत नाही.

तिच्या आजूबाजूला काय काय असतं?

सर्वांत जवळचा सोबती मीडियन मज्जातंतू. दंडाच्या वरच्या भागात तो रोहिणीच्या बाहेरच्या बाजूला असतो, मधोमध आल्यावर सहसा तिच्यावरून आडवा जातो आणि कोपराशी आतल्या बाजूला येतो. रोहिणीला जखम झाली की या मज्जातंतूची तपासणी आपोआप आलीच. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाची संवेदना त्याच्याकडे आहे.

अल्नर मज्जातंतू वरच्या अर्ध्यात रोहिणीच्या आतल्या बाजूने येतो, मग तिला सोडून मागे कोपराच्या हाडाकडे जातो. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तो हाच. रेडियल मज्जातंतू तर अगदी सुरुवातीलाच मागे निघून जातो. याशिवाय दोन बारीक नीला रोहिणीला दोन्ही बाजूंनी बिलगून चालतात आणि बॅसिलिक नावाची मोठी नीला आतल्या बाजूला असते. मागे ट्रायसेप्स, खाली ब्रेकियालिस स्नायू, बाहेर बायसेप्स.

कोपराच्या खळग्यातला क्रम परीक्षेत हमखास विचारतात. बाहेरून आत 'टॅन' : टेंडन म्हणजे कंडरा, आर्टरी, नर्व्ह म्हणजे मज्जातंतू. रेडियल मज्जातंतू या तिघांच्याही बाहेर, स्नायूंच्या आड असतो.

तिच्या शाखा कोणत्या? मुख्य रोहिणी बंद पडली तर हात जातो का?

नावाच्या शाखा तीन. पहिली आणि सर्वांत मोठी प्रोफंडा ब्रेकियाय : सुरुवातीलाच निघते आणि रेडियल मज्जातंतूबरोबर दंडाच्या हाडामागच्या तिरक्या खाचेतून फिरते. दुसरी सुपीरियर अल्नर कोलॅटरल, अल्नर मज्जातंतूच्या सोबतीने कोपरामागे जाणारी. तिसरी इन्फीरियर अल्नर कोलॅटरल, कोपराच्या सुमारे ५ सेंटिमीटर वर निघणारी. शिवाय हाडाला आणि स्नायूंना जाणाऱ्या लहान शाखा आहेत.

या तिन्हींचं खरं महत्त्व कोपराशी कळतं. रेडियल आणि अल्नर रोहिण्यांच्या काही शाखा उलट वर चढतात आणि खाली येणाऱ्या या शाखांना कोपराभोवती मिळतात. रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं. कोपर पूर्ण दुमडलं की मुख्य रोहिणी दबते, तरी हाताला रक्त मिळत राहतं ते या जाळ्यामुळे.

म्हणून ब्रेकियल नेमकी कुठे बंद पडली हे महत्त्वाचं ठरतं. प्रोफंडा निघाल्यानंतर, खालच्या भागात बंद पडली तर आडवाटेने रक्त पोचण्याची शक्यता बरी असते. प्रोफंडाच्या वर बंद पडली तर धोका बराच जास्त. पण आडवाट आहे म्हणून थांबून बघू, असं कुणी करू नये. वयस्कर माणसात, धूम्रपान करणाऱ्यात किंवा जखमेने सुजलेल्या हातात ती पुरेलच असं नाही.

सगळ्यांच्या हातात ती अशीच असते का?

नाही, आणि हे नर्सिंगच्या आणि लॅबच्या मंडळींनी मनावर घ्यावं असं मला वाटतं. काही हातांत रोहिणीचे दोन फाटे कोपराखाली न होता दंडातच, कधी काखेजवळ, होतात. रेडियल रोहिणी वरूनच निघणं हा यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. गर्भात हाताच्या कोंबाला रक्त देणारं सुरुवातीचं जाळं असतं. त्यातले काही मार्ग टिकतात, बाकीचे विरून जातात. एरवी विरणारा मार्ग टिकला की असा वेगळा नकाशा तयार होतो. त्या माणसाला आयुष्यभर काही त्रास नसतो.

त्रास होतो सुईमुळे. क्वचित अल्नर रोहिणी वरून निघून कोपराशी अगदी त्वचेखाली, नीलेच्या शेजारी येते. ती नीला समजून त्यात इंजेक्शन गेलं तर काही औषधांनी बोटांचा रक्तपुरवठा बंद होऊन ती काळी पडू शकतात. उपाय साधा आहे : दंडाला पट्टा आवळण्याआधी बोटाने चाचपून बघायचं, ठोका लागतो का. पट्टा घट्ट झाल्यावर ठोका लागेलच असं नाही.

आणखी एक गंमतशीर रचना. मोजक्या लोकांत दंडाच्या हाडाच्या खालच्या भागाला आतल्या बाजूने एक हाडाचा छोटा काटा असतो आणि त्यापासून कोपराच्या आतल्या उंचवट्यापर्यंत एक पट्टा जातो. स्कॉटिश शरीररचनाकार जॉन स्ट्रथर्स यांचं नाव त्याला आहे. या कमानीखालून मीडियन मज्जातंतू आणि कधी ब्रेकियल रोहिणीही जाते आणि दबू शकते. मांजराच्या हाडात याच जागी नेहमीच एक भोक असतं.

बीपी दंडालाच का मोजतात?

तीन कारणं, तिन्ही रचनेतली. बसलेल्या माणसाचा दंड हृदयाच्या पातळीत येतो. दंडात एकच मोठी रोहिणी आहे. आणि तिच्यामागे एकच हाड आहे, ज्यावर ती दाबून पूर्ण बंद करता येते. कोपराखाली दोन हाडं आणि दोन रोहिण्या असतात, तिथे गणित बिघडतं.

इटलीत शिपिओने रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडाचा पट्टा वापरला, पण ते मनगटावरची नाडी कधी परत येते ते बोटाने बघत. त्यामुळे फक्त वरचा आकडा कळायचा. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय कोरोत्कोव यांनी कोपराच्या खळग्यात, याच रोहिणीवर, स्टेथोस्कोप ठेवला. मोकळ्या रोहिणीतून रक्त निःशब्द वाहतं. पूर्ण दाबलेल्या रोहिणीतूनही आवाज नसतो. अर्धवट दाबलेली असते तेव्हा रक्त ठोक्याठोक्याला धडकत आत शिरतं आणि आवाज येतो. पहिला आवाज तो वरचा आकडा, आवाज पूर्ण थांबला तो खालचा. घरातली बॅटरीची यंत्रं आवाज ऐकत नाहीत, पट्ट्यातली थरथर मोजतात, पण रोहिणी तीच.

आता घरी होणाऱ्या चुका. हात खाली लोंबकळत ठेवला तर आकडा जास्त येतो. हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली असेल तर साधारण ८ ने. ब्लाउजची किंवा शर्टाची घट्ट बाही वर सरकवली की तीच दुसरा पट्टा होते, त्यापेक्षा हात बाहीतून बाहेर काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोनेक बोटं वर हवी आणि नळीची खूण आतल्या बाजूला, रोहिणीवर. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी नसताना बीपी दिसतं. आतल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के असावी. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजा. थोडा फरक चालतो. वरच्या आकड्यात वारंवार १५ किंवा जास्त फरक येत असेल तर एका बाजूची सबक्लेव्हियन अरुंद झालेली असू शकते, डॉक्टरांना सांगा. पुढे जास्त आकडा येणाऱ्या हातावरच मोजत राहा.

कोपरातून रक्त काढताना सुई रोहिणीत जाऊ शकते का?

क्वचित जाऊ शकते. रक्त काढतात ती नीला कोपराच्या खळग्यात रोहिणीच्या बरोब्बर वरून जाते. दोघींच्या मध्ये बायसेप्सच्या कंडरेपासून आत पसरलेला एक चिवट पडदा असतो. युरोपात शीर कापून रक्त काढायची पद्धत होती तेव्हा याच पडद्याने अनेकांची रोहिणी पात्यापासून वाचली, म्हणून त्याला 'देवाची कृपा' असं नाव पडलं होतं.

सगळ्यांवर ती कृपा झाली नाही. पातं खोल गेलं की नीला आणि रोहिणी दोन्ही चिरायच्या, आणि भरताना एकमेकींना जोडल्या जायच्या. रोहिणीचं जोरदार रक्त थेट नीलेत शिरून ती फुगायची, हात लावला की घरघर लागायची. १८व्या शतकात विल्यम हंटर यांनी अशा पेशंटचं वर्णन करून ठेवलं आहे.

आज रक्त काढताना अचानक लालभडक रक्त ठोक्याबरोबर सिरिंजमध्ये आलं, किंवा बोटांपर्यंत जळजळीत कळ गेली, तर लगेच सांगा. सुई काढून त्या जागी ५ ते १० मिनिटं न सोडता दाबून धरायचं. हात दुमडून ठेवणं पुरेसं नाही.

डायलिसिसचा फिस्टुला म्हणजे हेच का?

हो, हंटर यांच्या पेशंटना अपघाताने झालं ते सर्जन मुद्दाम करतात. डायलिसिसला मिनिटाला काहीशे मिलिलिटर रक्त लागतं, साधी नीला ते देऊ शकत नाही. न्यूयॉर्कमध्ये ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मनगटाशी रोहिणी आणि नीला जोडायची पद्धत प्रसिद्ध केली. मनगटातल्या वाहिन्या बारीक असतील तर कोपराशी ब्रेकियल रोहिणीला नीला जोडतात. काही आठवड्यांत नीला जाड होते आणि सुया पेलू लागते.

फिस्टुलावर हात ठेवला की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. घरच्यांनी रोज सकाळी ती बघावी. थांबली असेल तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. त्या हातावर बीपी नाही, रक्त काढणं नाही, सलाइन नाही, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ नाही, त्या कुशीवर झोपणं नाही. कुणी नवीन कर्मचारी विसरला तर पेशंटने न संकोचता अडवावं. बोटं गार पडून दुखू लागली तर फिस्टुला पुढचं रक्त ओढून घेत असेल, तेही दाखवायला हवं.

मुलाचं कोपर मोडलं तर रोहिणीची एवढी काळजी का?

या प्रश्नासाठीच मला हे पान लिहायचं होतं.

साधारण ५ ते ७ वर्षांची मुलं झाडावरून, घसरगुंडीवरून, गच्चीच्या पायऱ्यांवरून पडतात आणि तळहात टेकतात. दंडाचं हाड कोपराच्या जरा वर पुढून-मागून चपटं आणि पातळ असतं, तिथे ते मोडतं. खालचा तुकडा मागे सरकतो आणि वरच्या तुकड्याचं टोकदार टोक पुढे घुसतं. पुढे काय आहे? ब्रेकियल रोहिणी आणि मीडियन मज्जातंतू. रोहिणी ताणली जाते, आकसते, तुकड्यांत अडकते, कधी फाटते.

मनगटाला नाडी नाही आणि हात पांढरा, गार असेल तर एक मिनिटही दवडायचा नाही. नाडी नाही पण हात गुलाबी आणि ऊबदार आहे, असंही होतं. कोपराभोवतीचं जाळं काम करत असतं. अशा वेळी हाड जागेवर बसवल्यावर बरेचदा नाडी परत येते, पण देखरेख कडक हवी.

दुसरा धोका हळूहळू येतो. कोपराखालचे स्नायू ज्या चिवट आवरणात असतात ते ताणत नाही. सूज वाढली, वरून पट्टीही घट्ट असली, की आतला दाब वाढून बारीक वाहिन्यांतलं रक्त थांबतं. काही तासांत, साधारण ६ तासांच्या आसपास, स्नायू मरू लागतात. मग ते आखडतात आणि बोटं कायमची आत वळतात. जर्मन सर्जन रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये हे घट्ट पट्ट्यांशी जोडून दाखवलं. आजही हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्या आवळून बांधलेले हात येतात. तिसऱ्या दिवशी आलेल्या एका मुलाची बोटं मी पाहिली आहेत, पट्टी सोडल्यावरही ती उघडली नाहीत. त्याची आई मला विचारत होती, मालिश करून मोकळी होतील का. तिला उत्तर देणं फार जड गेलं.

म्हणून घरच्यांनी हे पाहावं. औषध देऊनही कळ वाढतच चालली आहे का? मुलाची बोटं आपण हलकेच सरळ केली तर ते किंचाळतं का? बोटं बधिर आहेत का? यातलं काहीही असेल तर रात्रीचे दोन वाजले तरी दवाखान्यात जा आणि पट्टी सैल करायला सांगा. नाडी लागते आहे म्हणून निर्धास्त राहू नका, या आजारात नाडी शेवटपर्यंत लागू शकते.

पडल्यावर लगेच काय करायचं? चोळायचं नाही, ओढायचं नाही, कोपर पूर्ण दुमडायचं नाही. हात जसा आहे तसा पुठ्ठ्यावर किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्रावर ठेवून सैल बांधायचा. मनगटातलं कडं, काळा दोरा, अंगठी सूज यायच्या आत काढायची. भूल द्यावी लागेल म्हणून खायला-प्यायला द्यायचं नाही.

दंडातून रक्ताची धार लागली तर?

आधी जखमेवरच स्वच्छ कापड ठेवून पूर्ण ताकदीने दाबा आणि सोडू नका. बहुतेक रक्त यानेच थांबतं. जखम कोपराखाली असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर दंडाच्या आतल्या खाचेत चार बोटं ठेवून रोहिणी हाडावर दाबता येते, तोवर दुसऱ्याने जखम धरावी. तरीही नाही थांबलं तर जखमेच्या वर रुंद पट्टा आवळायचा आणि वेळ लिहून ठेवायची. बारीक दोरी किंवा तार वापरू नका, ती मज्जातंतू चिरडते.

हात अचानक गार, पांढरा पडला आणि दुखू लागला. काय असेल?

हृदयातली रक्ताची गुठळी सुटून रोहिणीत अडकलेली असू शकते, बरेचदा फाटा फुटतो त्याच जागी. ठोके अनियमित असलेल्यांत आणि संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्यांत हे दिसतं. शेकत बसू नका. थॉमस फोगार्टी यांच्या १९६३ पासून माहीत असलेल्या फुग्याच्या कॅथेटरने कोपराजवळच्या छोट्या छेदातून ती गुठळी ओढून काढता येते. मात्र तासातासाचा फरक पडतो.

डावा हात दुखतो तेव्हा हातातली रोहिणी बंद पडलेली असते का?

हार्ट अटॅकच्या वेळी दुखणारा हात स्वतः ठीक असतो. हृदयाच्या वेदनेचे तंतू आणि दंडाच्या आतल्या बाजूचे तंतू मज्जारज्जूच्या त्याच पातळीवर येतात, म्हणून मेंदूला ती वेदना हातातली वाटते. हातावर झोपून मुंग्या येतात त्याही बहुधा मज्जातंतू दबल्याने, रक्त थांबल्याने नव्हे. घाम, छातीत दडपण आणि हातात कळ एकत्र असेल तर हातावर बाम चोळत बसू नका, ईसीजी काढा.

आजोबांच्या कोपरात शीर सापासारखी हलताना दिसते. काळजी करावी का?

ती नीला नाही, ब्रेकियल रोहिणीच आहे. वयाने तिची भिंत कडक होते, लांबी वाढते आणि ती नागमोडी होते. कोपर थोडं दुमडलं की प्रत्येक ठोक्याला वळवळताना दिसते. बहुतेक वेळा त्या रोहिणीला उपचार लागत नाहीत, पण बीपी मोजलेलं असावं. तरुण माणसात असं दिसलं तर हृदयाची झडप गळत नाही ना, ते बघतात.

तान्ह्या बाळाची नाडी दंडात का बघतात?

बाळाची मान आखूड आणि गुबगुबीत असते, मानेत ठोका सापडत नाही. म्हणून एक वर्षाखालच्या बाळात खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, दंडाच्या आतल्या बाजूला दोन बोटं टेकवून ब्रेकियल ठोका बघायला शिकवतात. त्यासाठी १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही. हे प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी. आई-वडिलांनी नाडी शोधत बसू नये. बाळ हाक मारून, तळपाय चोळून हलत नसेल आणि श्वास घेत नसेल तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करावी.